वाद्य कुणाच्या हातात, हुकूम कुणाचा? : भीमजयंतीच्या बँडवरची मते आणि त्यामागचा इतिहास

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एक चर्चा हमखास रंगते. पाटीपुऱ्यात रंगते तशी पुसद, उमरखेड, वणी, दारव्हा, आर्णीतही रंगते. यंदाच्या जयंतीत कोण चांगले वाजवून गेले? मिरवणूक चालत असताना बँडचा खरा कस लागत नाही. तो लागतो चौकातल्या थांब्यावर. मिरवणूक थांबते, लोक गोल करतात, बँडमास्तर पुढे येतो आणि मग पंधरा-वीस मिनिटे जे वाजते त्यावर वर्षभर बोलले जाते. कुणाला क्लॅरनेटवर वाजलेले भीमगीत आठवते, कुणाला धुमालचा ठेका, कुणाला डीजेच्या भिंती.

ऐकणाऱ्यांची मते ढोबळमानाने चार आहेत. पहिले मत म्हाताऱ्यांचे : बँडच खरा, त्यात गाण्याचे शब्द ऐकू येतात. दुसरे पोरांचे : डीजेशिवाय जयंती झाल्यासारखी वाटत नाही. तिसरे काही शिकलेल्या कार्यकर्त्यांचे : हे वाजवणे-नाचणे बंद करा, त्या पैशांची पुस्तके घ्या. चौथे जुन्या सैनिकांचे : समता सैनिक दलाचे संचलन ठेवा, बाकी काही नको. चारही मते मांडणारे आपलेच आहेत आणि चौघांच्याही मनात बाबासाहेबच आहेत. तरीही दरवर्षी हा वाद 'आवडीनिवडीचा प्रश्न' म्हणून सोडून दिला जातो. आमचे म्हणणे असे, की हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. आपल्या समाजाचे वाद्याशी जे नाते होते, ते तोडले कसे आणि पुन्हा जोडले कसे, हा इतिहास या चारही मतांच्या पोटात आहे. तो माहीत नसेल तर आपण बँड ऐकतो, पण काय ऐकतो ते आपल्याला कळत नाही.

वाद्य ही कला नव्हती, नेमून दिलेले काम होते

यवतमाळ जिल्हा वऱ्हाडातला. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथात मांग जातीची ओळखच मुळी गावचे वाजंत्री अशी करून दिलेली आहे. सरकारी लेखकाने ती नोंद थंडपणे केली. गावगाड्यात त्या नोंदीचा अर्थ काय होता, तो आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगावर भोगला.

डफडे, ढोल, सनई वाजवणारा माणूस मांगाचा, कुठे कुठे महाराचा. पाटलाच्या घरी लग्न असो, पोळा असो, देवीची यात्रा असो की मयत असो, हाक आली की जायचे. मजुरी ठरवण्याचा अधिकार नाही. मिळेल ते धान्य, उरलेले अन्न, जुने कापड. देवळात देवाची आरती सुरू असताना वाजवणारा बाहेर उन्हात उभा. वाद्याचा आवाज गाभाऱ्यापर्यंत जायचा, वाजवणाऱ्याची सावलीही जाऊ शकत नव्हती. ब्राह्मणी व्यवस्थेचे हे कसब पाहा. मेलेल्या जनावराचे कातडे कमावून केलेल्या वाद्याचा नाद शुभ, आणि ते कातडे कमावणारा व वाजवणारा मात्र अस्पृश्य!

तेव्हाही ऐकणारे होतेच. तेव्हाही 'काय वाजवलं!' अशी दाद मिळत होती. पण ती दाद वाद्याला होती, माणसाला नव्हती. दाद देणारा ओसरीवर बसलेला आणि दाद घेणारा अंगणाच्याही बाहेर. या अंतराला कुणी 'लोककला' म्हणत असेल तर त्याने आधी तो अंगणाचा उंबरठा मोजावा.

आणि ज्याने गावाच्या सगळ्या वराती वाजवल्या, त्याच्या स्वतःच्या पोराची वरात? ती गावातून वाजत न्यायची सोय नव्हती. नवरदेव घोड्यावर बसला, वाद्य लागले, की डोकी फुटायची. ही जुनी गोष्ट झाली असे कुणाला वाटत असेल तर २०१८ आठवा. उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी एका दलित तरुणाची वरात गावातून नेण्यासाठी अनेक महिने प्रशासनाशी झगडावे लागले, न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि शेवटी पोलिसांच्या कड्यात ती वरात निघाली. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर पैनगंगेच्या पलीकडे बघा. १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात वरात सुरू असताना एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. म्हणजे कोणत्या रस्त्यावर कुणाचे वाद्य वाजणार, हा प्रश्न या देशात कधीच संगीताचा नव्हता. तो सत्तेचा होता आणि आहे.

डफडे खाली ठेवले तो दिवस

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी अस्पृश्य समाजाला सांगितले, की मेलेली गुरे ओढणे, मृतमांस खाणे, शिळे तुकडे मागणे सोडा. माणुसकी गहाण ठेवून मिळणारी भाकरी नको. या विचाराची लाट विदर्भातही आली. आपल्याकडे जमीन आधीच तयार होती. किसन फागुजी बनसोडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी नागपूर भागात जागृती केली होती, आणि १९२० साली शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला बहिष्कृतांची परिषद भरली होती. गावकीची कामे सोडण्याच्या या लढ्यातच सक्तीचे वाजवणेही आले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दीक्षा घेऊन गावी परतलेल्या माणसाला देवीपुढे, मारुतीपुढे डफडे वाजवायला बोलावणे आले तेव्हा तो नाही म्हणाला. त्या एका 'नाही'ची किंमत महाराष्ट्रातल्या गावोगाव मोजावी लागली. किराणा बंद, मजुरी बंद, पाणी बंद, चराई बंद.

म्हणून तिसरे मत मांडणाऱ्या कार्यकर्त्याला आम्ही हसत नाही. 'वाजवणे बंद करा' असे तो म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडून तो १९५६ चा माणूस बोलत असतो. वाद्याचा त्याग हा आपल्या मुक्तीच्या इतिहासातला एक मोठा अध्याय आहे. त्याग केला म्हणूनच आपण हुकुमाचे वाजंत्री उरलो नाही.

पण या मताची एक मर्यादा आहे. बाबासाहेबांनी जे सोडायला लावले ते नेमून दिलेले काम होते. नाद, सूर, गाणे सोडा असे ते म्हणाले नाहीत. ते स्वतः उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते. आंबेडकरी जलशांनी ढोलकी हाती घेऊनच चळवळ खेड्यापाड्यांत नेली. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप ही माणसे वाद्यासह उभी राहिली, आणि वाचता न येणाऱ्या लाखो लोकांनी त्यांच्याकडून बाबासाहेब ऐकले. पुस्तक आणि वाद्य यांचे भांडण लावणारा माणूस जलशाचा इतिहास विसरतो. जिथे पुस्तक पोहोचायला वीस वर्षे लागली तिथे गाणे एका रात्रीत पोहोचले.

दुसरा वारसा : पलटणीचे पाऊल

डफड्याच्या वारशाबरोबर आपल्याला आणखी एक वारसा आहे, आणि चौथे मत मांडणारे जुने सैनिक त्याचीच आठवण देतात. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. इंग्रजांच्या लष्करात महार शिपाई बिगुलाच्या आवाजावर उठले, ड्रमच्या ठेक्यावर चालले. तिथे वाद्याचा हुकूम सगळ्यांना सारखा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही भरती बंद केली गेली तेव्हा समाजाने अर्ज-विनंत्या करून दार ठोठावले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला सलामी देताना आपण त्याच पावलाशी नाते सांगतो. बाबासाहेबांनी १९२७ च्या १ जानेवारीला तिथे जाऊन ते नाते जागे केले.

त्याच काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाने हे पाऊल गल्लीत आणले. गणवेश, रांग, कवायत, सलामी. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद झाली. त्याच मांडवात महिलांची परिषद झाली, समता सैनिक दलाचीही परिषद झाली. वसंत मून यांचे 'वस्ती' वाचा. नागपूरच्या वस्तीतल्या पोरांना दलाने कसे घडवले ते त्यात दिसते. ज्याला रस्त्याच्या कडेने, वाकून, थुंकी मडक्यात झेलत चालायला शिकवले गेले होते, तो रस्त्याच्या मधोमध, छाती काढून, दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालू लागला. आज ते संचलन कुणाला कंटाळवाणे वाटत असेल. पण शंभर माणसांचे पाऊल एकाच वेळी पडते तेव्हा त्यात जे वाजते ते कोणत्याही बँडपेक्षा मोठे असते.

या दोन वारशांचा विचित्र संगम म्हणजे लग्नातला बँड. नीट बघा : लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर पट्ट्या. हा सगळा थाट पलटणीचा. ट्रम्पेट, क्लॅरनेट, साइड ड्रमही पलटणीतूनच बाजारात आले. कोट लष्करी झाला, पण आत उभा असलेला माणूस बहुतेक वेळा तोच राहिला : मांग, गरीब मुसलमान, भटका. हुकूम पाटलाचा जाऊन सुपारी देणाऱ्याचा झाला. जातीचे काम बाजारात आले तरी त्याची जात गेली नाही.

काळ्या विद्यार्थ्यांनी काय केले

इथे जरा अमेरिकेकडे पाहू. तिथे महाविद्यालयांच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतर होते तेव्हा महाविद्यालयाचा बँड मैदानात उतरतो. शंभर-दोनशे मुले-मुली वाजवत, चालत, वळत मैदानावर आकृत्या करतात. काळ्यांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांत, म्हणजे फ्लोरिडा ए अँड एम, ग्रँबलिंग, सदर्न, जॅक्सन स्टेट यांच्यात, या मध्यंतराची शान अशी, की एरवी मध्यंतरात चहापाण्याला उठणारे प्रेक्षक तिथे जागचे हलत नाहीत. सामना हरला तर चालेल, बँड हरता कामा नये, अशी तिथल्या चाहत्यांची वृत्ती. कुणाचे पाऊल उंच, कुणाची पितळी वाद्ये दमदार, कुणाचे ड्रम स्वच्छ, यावर घराघरांत वाद होतात. आपल्या चौकातल्या थांब्यासारखेच.

फ्लोरिडाचा 'मार्चिंग हंड्रेड' बँड घडवला विल्यम फॉस्टर या काळ्या संगीतकाराने. शिकत असताना त्याला सांगण्यात आले होते, की काळ्या माणसाला वाद्यवृंदाचा संचालक म्हणून कुणी नोकरी देणार नाही. त्याने आपल्याच समाजाच्या महाविद्यालयात १९४६ पासून बँड उभा केला. १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षे झाली तेव्हा पॅरिसच्या संचलनात अमेरिकेच्या वतीने हाच बँड चालला. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द जिथे घोषणा झाले त्या रस्त्यावर गुलामांचे नातू वाजवत गेले!

१९४६ हे साल आपल्यालाही ओळखीचे आहे. त्याच साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याच साली बाबासाहेबांचा काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार झाला. पुढे दलित पँथरने नावच त्यांच्याकडून घेतले. मग त्यांच्याकडून हेही शिकायला काय हरकत आहे? ज्या समाजाला मालकाच्या अंगणात नाचायला लावले गेले, त्या समाजाने नाद टाकला नाही. त्याने नादावरचा मालकी हक्क बदलला. वाजवणारा विद्यार्थी, शिकवणारा आपला, मैदान आपले, दाद देणाराही आपला.

त्यांच्या चुकाही बघितल्या पाहिजेत. २०११ साली याच नामांकित बँडमधल्या एका विद्यार्थ्याचा सहकाऱ्यांच्या रॅगिंगमध्ये मारहाणीने मृत्यू झाला. बँड बंद ठेवावा लागला, तो २०१३ मध्ये पुन्हा मैदानात आला. अभिमान आंधळा झाला की तो आपल्याच लेकराचा जीव घेतो, हा त्याचा धडा आहे.

घराजवळचे उदाहरण तमिळनाडूचे. 'परै' या डफावरून 'परैयर' हे जातीचे नाव पडले आणि इंग्रजीत ते बहिष्कृतासाठीची शिवी होऊन बसले. तिथल्या दलित कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. सवर्णांच्या मयतीला परै वाजवणे नाकारले, आणि आपल्या मोर्चात तीच परै अभिमानाने वाजवली. दिंडीगुलच्या 'शक्ती' पथकात तर दलित मुली परै वाजवतात. नाकारणे आणि स्वीकारणे यांत तिथे विरोध नाही. हुकूम कुणाचा, एवढाच प्रश्न आहे.

डीजेच्या भिंतीआड

आता दुसऱ्या मताकडे. डीजे आवडणाऱ्या पोरांना शिव्या घालणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. ज्या गावात आपल्या आवाजाला शेकडो वर्षे बंदी होती, तिथे आपला आवाज शेवटच्या वाड्यापर्यंत पोहोचावा असे तरुणाला वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय वर्षभर इतरांच्या मिरवणुकांत भिंती हादरतात तेव्हा कायदा झोपलेला असतो आणि १४ एप्रिललाच त्याला जाग येते, हा अनुभवही खोटा नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. नियम सगळ्यांना सारखा लावा, ही मागणी संविधानाचीच मागणी आहे.

पण एक प्रश्न डीजेच्या चाहत्यांनी स्वतःला विचारावा. त्या आवाजात बाबासाहेब ऐकू येतात का? शब्द ठेक्याखाली चिरडले जातात, म्हातारी माणसे छातीला हात लावून घरात बसतात, पाळण्यातले लेकरू दचकते. कपाशी आणि सोयाबीनने ज्यांचा घात केला त्या जिल्ह्यात, मजुराच्या वर्गणीतले हजारो रुपये एका रात्रीत डिझेलच्या धुरात जातात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डीजेला आपली गरजच लागत नाही. बटण दाबणारा एक माणूस पुरे. पाऊल जुळवायला नको, सराव नको, शिस्त नको. ज्या चळवळीने माणूस घडवला तिच्या उत्सवात माणूसच नको झाला, तर तो उत्सव आपला कसा?

आपली परीक्षा

पहिल्या मताच्या लोकांनाही आम्हाला काही विचारायचे आहे. तुम्हाला बँड आवडतो. मग तो वाजवणारा कुठे जेवतो? चार तास उन्हात क्लॅरनेट फुंकणाऱ्याला कुणी पाणी विचारले का? डोक्यावर दिवे घेऊन मिरवणुकीच्या कडेने चालणाऱ्या बाया कोण आहेत, त्यांना काय मिळते? अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीला आपण एकतेची भाषणे देतो. मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीने १८५५ साली लिहिलेल्या निबंधाचा अभिमान सांगतो. मग आपल्याच जयंतीत त्याच समाजाच्या भावाला 'ए बँडवाल्या' अशी हाक कशी निघते? पाटलाने आपल्याशी केले तेच आपण दुसऱ्याशी करत असू, तर बाबासाहेबांचा फोटो रथावर ठेवून काय उपयोग? श्रेणीबद्ध विषमता हीच जातिव्यवस्थेची ताकद, असे बाबासाहेबांनी सांगितले. ती श्रेणी आपल्या मिरवणुकीतही चालते का, हे बघण्याचे धाडस आपल्यात पाहिजे.

आणखी एक ढोंग लक्षात घ्या. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांत गेल्या काही दशकांत सुशिक्षित, सवर्ण घरातली मुले-मुली येऊ लागली. तेव्हा त्याला 'संस्कृती' म्हणायला सुरुवात झाली. वर्तमानपत्रांत फोटो आले, फेटे आले. तोच ढोल मांगाच्या गळ्यात असताना तो जातीचा धंदा होता. वाद्य तेच, टिपरी तीच, फक्त हात बदलले आणि प्रतिष्ठा आली. मग आपणच आपल्या हातांना प्रतिष्ठा का देऊ नये?

म्हणून आमचे सांगणे असे. जयंती मंडळांनी वर्गणीतला एक हिस्सा डीजेवर न उधळता वाद्ये विकत घ्यावीत. बुद्धविहारात, वसतिगृहात, आपल्या संस्थांच्या शाळा-महाविद्यालयांत मुलामुलींचे बँडपथक उभे करावे. शिकवायला त्याच बँडमास्तरांना बोलवावे, ज्यांना आजवर फक्त सुपारी दिली. त्यांना 'सर' म्हणावे, मानधन द्यावे, पंगतीत पहिल्या रांगेत बसवावे. मुलींना मागच्या रांगेत उभे करू नये. १९४२ च्या नागपूर परिषदेत आपल्या आया-आज्या व्यासपीठावर होत्या. आणि चौकातल्या त्या थांब्यावर आधी पथकाने वाजवावे, मग सगळ्यांनी मिळून संविधानाची उद्देशिका वाचावी. यवतमाळच्या समता मैदानावर २६ जानेवारीला संचलन होते, तिथे आपल्या वस्तीतले पथक चालताना दिसावे.

मग पुढच्या एप्रिलमध्ये चर्चा जरूर रंगू द्या. कोण चांगले वाजले, कुणाचे पाऊल चुकले, कुणाचा सूर लागला नाही, सगळे बोला. फक्त दाद देण्याआधी तीन प्रश्न विचारत जा : वाजवणारा कुणाच्या हुकमाने वाजवतो आहे? त्याला घामाचे दाम मिळाले का? आणि वाजवून झाल्यावर तो आपल्या शेजारी बसून जेवणार आहे का? या तिन्हींची उत्तरे नीट आली, तर सूर थोडा हलला तरी चालेल.

जयभीम!